खिडकीतली पिवळी रेघ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले आपले माजी संचालक. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या मॅडम. त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान. सभागृहातले वैज्ञानिक, अभियंते, कार्यालयातल्या ताई, वर्कशॉपमधले माझे भाऊबंद. आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेलं आमच्या घरचं माणूस, ज्याच्या परवानगीशिवाय मी सहसा तोंड उघडत नाही. सर्वांना माझा नमस्कार.

निवेदन करणाऱ्या ताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. चिठ्ठीवर 'पाच'च्या खाली दोन रेघाही ओढल्यात. ताई, चिठ्ठी मिळाली, वाचली आणि खिशात ठेवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी माइकपुढे उभं केलेलं नाही. आज मॅडमनीच सांगितलं म्हणे, की वर्कशॉपतर्फे कुणी बोलणार असेल तर मिस्त्रींना बोलू द्या. तेव्हा पुढे जे काही होईल त्याची जबाबदारी त्यांच्याकडे.

मी फिटर. हजेरीपटावर माझं नाव आहे, पण ते वाचून लोक विचारतात, हा कोण नवीन? सगळ्यांसाठी मी मिस्त्री. मशीनचं जे पोट आहे, ज्याला डायोड म्हणतात, ते जोडायचं, त्यातली हवा काढायची आणि ते गळू द्यायचं नाही, हे माझं काम.

माझ्याआधी तीन मान्यवर बोलले. मॅडमचे शोधनिबंध किती, विद्यार्थी किती, परदेशातून बोलावणी किती, सगळं झालं. ऐकून ऊर भरून आला. पण एक गोष्ट तिघांनीही शिताफीने टाळली. आपण सगळे पाठीमागे मॅडमना 'खिडकीवाल्या बाई' म्हणतो. मॅडम, हसताय ना? म्हणजे ठाऊक होतं. हे नाव ठेवलं कुणी, असं विचाराल तर मीच ठेवलं, आणि खरं सांगायचं तर ते प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. ती हकिगत सांगायलाच मी उभा आहे.

आज बऱ्याच जणांच्या घरची मंडळी आली आहेत. त्यांना प्रश्न पडत असेल, आपलं माणूस रोज इथे जाऊन करतं तरी काय? म्हणून थोडं सांगतो. वैज्ञानिकांनी दोन मिनिटं कान मिटून घ्यावेत, कारण मी माझ्या भाषेत सांगणार.

आपण फोटो काढतो. पण साधे नव्हेत. समजा, जाड पोलादी कवच आहे आणि त्याच्या आत एक पातं गरगर फिरतंय. ते तुटलं तर कवच फोडून बाहेर येईल का? विमानात बसणाऱ्याला याचं उत्तर हवं असतं, आणि ते उत्तर पातं तुटतानाच मिळतं, नंतर नाही. त्यासाठी पोलादाच्या आरपार बघणारा एक्स-रे लागतो आणि तो एका क्षणात चमकून विझावा लागतो. क्षण म्हणजे केवढा? तुमची पापणी एकदा लवते ना, तेवढ्यात आमच्या मशीनचे वीस लाख बार, म्हणजे तशा चमका, निघून जातील.

हा एक्स-रे निघतो डायोडमधून. डायोड म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. धातूचे दोन तुकडे समोरासमोर आणि मध्ये करंगळीच्या नखाएवढी फट. एका तुकड्यावरून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, समोरच्यावर आपटतो आणि तिथून एक्स-रे निघतात. झोत जितका बारीक ठिपक्यात आपटेल तितका फोटो रेखीव. आता एवढा प्रचंड विजेचा दाब आला की धातूच्या अंगाला जे काही चिकटलेलं असेल, ओल म्हणा, तेलाचा अंश म्हणा, त्याचा एकदम तापून चमकणारा वायू होतो. त्याला म्हणतात प्लाझ्मा. तो थोडा हवाच, झोत त्यातूनच तर सुटतो. पण जास्त झाला की दोन्ही बाजूंनी फुगत फुगत येतो आणि फट भरून टाकतो. मग झोत विस्कटतो, बार वेळेआधीच विझतो आणि फोटोत पात्याच्या जागी ढग दिसतो. मी याला पहिल्या दिवसापासून 'उतू जाणं' म्हणतो. सुरुवातीला सगळे हसले. आज मॅडमच्या नोंदवहीतसुद्धा लिहिलेलं सापडेल, 'दुपारचा बार उतू गेला'. एवढीच माझी विज्ञानाला देणगी.

तर बारा वर्षांपूर्वी आमचं मशीन रोज उतू जायला लागलं. चांगलं चालता चालता दर दोन-तीन बारांमागे एक फुसका. बाहेरून लोक आपापली कवचं घेऊन येत, दिवसभर तयारी करत आणि हातात ढग घेऊन परत जात. दोन महिने हा तमाशा चालला. चौकशी समिती बसली. समितीने कागद चाळले, आणि समितीला जे नेहमी सापडतं तेच सापडलं, म्हणजे सगळ्यात खालचा माणूस. फट कोण लावतं? मिस्त्री. मग फट चुकीची लागत असणार.

मला मेमो आला. 'आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये.' सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर डायोडवरून काढून तुम्हाला भांडारात पाठवण्यात येईल. मेमोवर सही तेव्हाच्या संचालक साहेबांची, जे आज प्रमुख पाहुणे म्हणून बसले आहेत. साहेब, माझ्या मनात काही नाही. सही मात्र फार वळणदार होती तुमची.

तुम्हाला हसू येतंय, पण मला तेव्हा रडू येत होतं. एकोणीस वर्षं मी त्या फटीवर डोळे घालवले होते. केसाएवढा फरक मला बोटाला कळायचा. आणि भांडारात बसून मी काय करणार होतो, खिळे मोजणार? घरी मी दोन दिवस मेमो दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी घरच्या माणसाने डब्याखालून तो काढला, वाचला आणि एवढंच विचारलं, "अहो, चूक तुमची आहे का?" मी नाही म्हटलं. "मग जेवा," म्हणाली.

त्याच आठवड्यात मॅडम वर्कशॉपमध्ये आल्या. तोवर त्या वरच्या मजल्यावर बसून प्लाझ्माची गणितं करत. आमचा संबंध जिन्यात नमस्कार करण्यापुरता. त्या आल्या आणि म्हणाल्या, मिस्त्री, मला डायोडच्या कुशीत एक भोक पाडून हवंय. भोक! ज्या भांड्यातली हवा मी जीव टाकून बाहेर ठेवत होतो, त्याला भोक! त्या म्हणाल्या, त्यावर काच बसवू, काचेमागे तारा लावू, आणि फटीत काय चमकतं ते बघू. नुसती गणितं करून आता भागत नाही. मी म्हणालो, मॅडम, घराला खिडकी असते, मशीनला नसते. त्या म्हणाल्या, घरात काय जळतंय ते खिडकीतूनच दिसतं. मग आमची चांगलीच जुंपली. त्या गेल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आल्या खिडकीवाल्या बाई!" झालं, नाव चिकटलं.

भोक मी पाडलं. का पाडलं सांगू? दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि माझा मेमो टेबलावर पडला होता तो त्यांनी सरळ उचलून वाचला. मला रागच आला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "फट चुकली असेल तर खिडकीतून दिसेल. चुकली नसेल तर तेही दिसेल. तुम्हाला कशाची भीती आहे?" आता असं विचारल्यावर कुठला कारागीर गप्प बसेल? चार दिवसांत खिडकी बसवली. एक थेंब हवा गळाली नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

खिडकीमागे काचेच्या पाच बारीक तारा लावल्या. प्रत्येक तार फटीतल्या वेगळ्या जागी बघणार आणि तिथला उजेड शेजारच्या खोलीत नेणार. तिथे मॅडमचं यंत्र तो उजेड रंगारंगांत उलगडून दाखवणार. प्रत्येक पदार्थाची आपली ठरलेली रेघ असते. हायड्रोजनची लाल, तशी बाकीच्यांची आपापली. बार निघाला. मॅडम पडद्याकडे बघत बसल्या. मी विचारलं, फट बरोबर आहे ना? म्हणाल्या, फट अगदी बरोबर आहे. मी सुटलो म्हणून खुर्चीत बसलो, तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एक लखलखीत पिवळी रेघ होती. नीट बघितलं की एकाच्या दोन दिसायच्या, एकमेकींना खेटून.

ती सोडियमची रेघ. सोडियम म्हणजे मिठातला. आणि हवा काढलेल्या भांड्यात मीठ येणार कुठून? घामातून. घाम कुणाचा? डायोडला हात लावणाऱ्याचा. समितीला दुपारपर्यंत बातमी कळली आणि संध्याकाळपर्यंत मेमोत सुधारणा झाली. आधी 'फट लावण्यातील चूक' होतं, आता 'उघड्या हाताने हाताळणी' झालं. म्हणजे बघा, जी खिडकी मी माझ्या हाताने पाडली, तिनेच मला पकडून दिलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आणि मी उघड्या हाताने कधीच शिवलो नव्हतो. कधीच नाही. उलट भांडारातून येणारे पातळ मोजे फाटतात म्हणून मी स्वतः पांढरेशुभ्र सुती हातमोजे आणले होते. पण ऐकतो कोण? माणूस खोटं बोलतो, रेघ खोटं बोलत नाही, असं समितीतले एक गृहस्थ मला तोंडावर म्हणाले. खाल्ल्या मिठाला जागा, असंही म्हणाले. बाकी कशाचं नाही, पण मिठाचं त्या दिवशी मला फार लागलं.

मॅडमना तेव्हा काय पडलं होतं? त्यांचं काम झालं होतं. खिडकी मिळाली, रेघ मिळाली, निबंध लिहायचा आणि मोकळं व्हायचं. त्या रात्रीच्या बसने सुट्टीवर जाणार होत्या, घरी लग्नकार्य होतं. त्या गेल्या नाहीत. मॅडमचे यजमान मान हलवतायत, बघा. त्यांना अजून आठवतंय. सकाळी मॅडम माझ्याकडे आल्या, हातात डायोडचा नवाकोरा तुकडा. म्हणाल्या, "मिस्त्री, यावर अंगठा लावा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, मॅडम, मी सही करणारा माणूस आहे, अंगठा लावणारा नव्हे. कबुलीजबाब हवा असेल तर कागद आणा. त्यांना आधी कळेचना मी का चिडलो. मग कळलं आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना खरोखर अंगठाच हवा होता. घामाचा अंगठा धातूवर लावून बार काढला तर रेघ कशी दिसते, ते बघायचं होतं.

लावला अंगठा. बार काढला. पिवळी रेघ आली. माझं तोंड पडलं. पण मॅडम म्हणाल्या, थांबा, मोजा. पाच तारांपैकी एकाच तारेत रेघ होती, जिथे अंगठा लागला होता तिथे. बाकी चार तारा स्वच्छ. आणि आधीच्या फुसक्या बारांत? पाचही तारांत, सारखी. म्हणजे हा बोटाचा डाग नव्हता. कुणीतरी त्या तुकड्याला सोडियम एकसारखं माखलं होतं, पोळीला तूप लावावं तसं. घामाने असं होत नाही. समितीला रेघ दिसली होती, पण ती कुठे कुठे आहे हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग आला कुठून हा सोडियम? मॅडमनी मला कागद दिला. लेथवरून उतरल्यापासून भांड्यात बसेपर्यंत तो तुकडा कशाकशाला शिवतो ते सगळं लिहा, म्हणाल्या. मी अकरा गोष्टी लिहिल्या. द्रावण, फडकं, चिमटा, ट्रे, ब्रश, सगळं. अकरावी गोष्ट लिहिली, 'स्वच्छ हातमोजे'. त्यांनी प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारले. फडकं कुठलं, ट्रे कशाचा. अकराव्या ओळीवर आल्या आणि म्हणाल्या, "स्वच्छ कुणी केले?"

मी म्हणालो, घरी. आमची मंडळी धुते. कशात? धुण्याच्या सोड्यात उकळते. त्याशिवाय असे पांढरे निघत नाहीत. मी अभिमानाने सांगत होतो बरं का. आणि सांगता सांगता मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझे शब्द मलाच ऐकू आले. धुण्याचा सोडा. सोड्यात सोडियम असतो, हे शाळेत मीही शिकलो होतो. मोज्यात उरलेला सोडा मी शेवटचा हात फिरवताना त्या तुकड्यावर माखत होतो. सोडा हवेतली ओल धरून ठेवतो. विजेचा दाब आला की ती ओल आणि सोडा, सगळं एकदम उतू. घरचे मोजे वापरायला लागल्याची तारीख काढली, तर पहिला फुसका बार त्याच्या दुसऱ्या दिवशीचा निघाला.

तर मित्रहो, दोन महिने एवढ्या मोठ्या संस्थेला घोर लावला तो माझ्या स्वच्छतेने. जगात कुठल्या मिस्त्रीवर अशी वेळ आली असेल? घाणीने मशीन बिघडवणारे पुष्कळ असतील, धुऊन बिघडवणारा मी एकटाच.

घरी कसं सांगू, हा प्रश्नच होता. ती बिचारी आठवड्यातून दोनदा ते मोजे उकळत होती, माझं काम मोठं म्हणून. मी गप्प राहिलो. तीन दिवस राहिलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं, बघतो तर मॅडम. सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, वहिनी, मला तुमचं एक शिकायचंय, तुम्ही कपडे खळबळता कसे? आणि मग सगळी गोष्ट त्यांनीच सांगितली, अशी सांगितली की त्यात कुणाचीच चूक नव्हती. आमची मंडळी ऐकत होती. ऐकून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हे मोजे मशीनसाठी आहेत, एवढं तरी सांगायचं होतं. मला वाटलं, मिरवायला हवेत. शेवटचं पाणी निवळ निघेपर्यंत खळबळले असते."

मॅडमनी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या मोज्यांचे दोन जोड निघाले. एक सोड्यात उकळलेला, एक शुद्ध पाण्यात शेवटपर्यंत खळबळलेला. पहिल्याने बार काढला, पिवळी रेघ. दुसऱ्याने काढला, रेघ गायब आणि फोटो असा की पात्यावरचा ओरखडा मोजून घ्यावा. आणि समितीला जो अहवाल गेला त्यात कारणाच्या रकान्यात मॅडमनी एकच शब्द लिहिला, 'अतिस्वच्छता'. माझा मेमो मागे घेतला गेला. डायोड साफ करायच्या नियमांत आजही सातवा नियम आहे, 'शेवटचे पाणी निवळ निघेपर्यंत खळबळावे'. परदेशातल्या परिषदेतही मॅडमनी तो वाचून दाखवला. त्या नियमाची मूळ लेखिका तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता मान खाली घालून पदराशी चाळा करते आहे.

ताईंची दुसरी चिठ्ठी आली. त्यावर फक्त उद्गारचिन्ह आहे. ताई, मुद्द्यावरच येतोय.

तेव्हापासून मी रोज बार निघाला की शेजारच्या खोलीत जाऊन बसतो. मॅडमनी मला रेघा वाचायला शिकवल्या. गणित नाही आलं मला, पण रेघ ओळखता येते. कुठली रोजची, कुठली पाहुणी, कुठली जरा जाड झाली. बारा वर्षं झाली. ज्या खिडकीला मी नावं ठेवली, तिच्यापुढे माझी खुर्ची आहे.

आता अध्यक्ष महाराज, तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही इथे येऊन आठ महिने झाले, आणि कामाचा धडाका लावलात, हे मी तोंडावर म्हणून सांगत नाही, कँटीनमध्येही असंच बोलतो. गेल्या गुरुवारी माझ्या टेबलावर तुमच्या सहीचं एक कामाचं पत्रक आलं. 'डायोडची निरीक्षण खिडकी कायमची बंद करणे. पोलादी प्लेट बनवून सोमवारी बसवणे.' मॅडमना हे अजून ठाऊक नव्हतं. मॅडम, माफ करा, आजच्या दिवशी तुम्हाला असं कळायला नको होतं. पण सोमवारी तुम्ही इथे नसाल, आणि तुमच्या पाठीमागे हे गुपचूप झालेलं मला पाहवणार नव्हतं.

साहेबांचं म्हणणं चुकीचं नाही, मी त्यांची बाजूही सांगतो. प्रत्येक बार निघाला की खिडकीच्या काचेवर धातूची वाफ बसते. काच काढून पुसायला चाळीस मिनिटं जातात. बाहेर लोक रांगेत आहेत. फोटो चांगले येतायत, मग प्लाझ्मा बघत बसायची गरज काय? आणि मॅडमच निवृत्त झाल्यावर बघणार तरी कोण? बरोबर ना साहेब?

आधी चाळीस मिनिटांचं. मी दुसरी काच चौकटीत बसवून तयार ठेवली. एक काढायची, दुसरी लावायची, पुसायची ती निवांत नंतर. चार दिवस घड्याळ लावून करून बघितलं. सहा मिनिटं लागतात.

आता गरजेचं. गेल्या महिन्यात, साहेब, कार्बनची रेघ मला जाड दिसली. फोटो उत्तम होते, कुणाचीही तक्रार नव्हती. मी मॅडमना दाखवलं. आम्ही हवा काढायचा पंप उघडला तर त्याचं तेल, ज्यात कार्बन असतो, मागे भांड्यात झिरपायला लागलं होतं. एका संध्याकाळी बदलून टाकलं. आणखी आठ-दहा बार गेले असते तर पुन्हा ढग, पुन्हा समिती, पुन्हा एखाद्या मिस्त्रीला मेमो. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, कारण काही बिघडलंच नाही. दूध उतू गेलं नाही म्हणजे कुणीतरी शेगडीपाशी उभं होतं, साहेब. तिथून माणूस उठवायचा नसतो.

आणि बघणार कोण म्हणाल, तर मी बघणार. माझी अजून तीन वर्षं आहेत. जिथे अडेल तिथे मॅडमना फोन करीन. त्यांच्या यजमानांनी तो उचलून झोपल्यात असं सांगू नये, एवढीच विनंती. आणि माझ्या जागी जो कुणी येईल त्याला मी रेघा वाचायला शिकवीन. कारण उद्या त्याच्या नावाने पत्र निघालं तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला ती खिडकी तिथे असायला हवी. माझ्या बाजूने तिनेच दिली होती.

राहता राहिलं कामाचं पत्रक. मी हुकूम मोडणारा माणूस नाही. एकतीस वर्षांत एकही काम मी नाही म्हटलेलं नाही. प्लेट बनवा म्हणालात, बनवली. टेबलावर त्या लाल कागदात जे गुंडाळलंय, ज्याच्यावर आपण मघापासून पुष्पगुच्छ ठेवताय, तीच ती. जरा जड आहे, दोघांनी धरा. मॅडम, कागद तुम्ही सोडा.

बारा भोकं, मापात. पाठ आरशासारखी. आणि मध्यभागी या दोन पिवळ्या रेघा, एकमेकींना खेटून. पितळेची तार आहे, खाच पाडून ठोकून बसवली आहे. ओळखल्यात ना मॅडम? हीच ती रेघ. वर्कशॉपतर्फे आपल्याला भेट.

फक्त एक अडचण झाली, साहेब. रेघा काढायच्या नादात मी खाच या काठापासून त्या काठापर्यंत नेली. जिथे प्लेट खिडकीवर घट्ट बसायची, नेमकी तिथूनच. आता ही प्लेट बसवली तर हवा धरणार नाही, गळणार. एकतीस वर्षांत माझ्या हातून बनलेली ही पहिली गळकी वस्तू, आणि तिची जबाबदारी माझी. दुसरी बनवायची तर नवीन पत्रक लागेल आणि त्यावर आपली सही लागेल. ती सही करण्याआधी एकदा सोमवारी सकाळी दहाला शेजारच्या खोलीत या. मी आपल्यासाठी खुर्ची ठेवतो. एक बार बघा. मग सही करा, मी तुम्हाला न गळणारी बनवून देईन.

मॅडम, तुम्हाला काय निरोप द्यायचा? तुम्ही माझी भाकरी वाचवलीत, हे खरंच. पण त्याहून मोठं म्हणजे मी खरं बोलतोय, यावर तुम्ही रेघेच्या आधी विश्वास ठेवलात आणि मग रेघेकडूनही ते वदवून घेतलंत. घरी आराम करा असं मी सांगणार नाही, तुम्ही ऐकणार नाही. तब्येत जपा आणि फोन उचला.

मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे आभार. ताई, तुमचे विशेष. पाचाची पंचवीस झाली, पण तुम्ही माइक बंद केला नाहीत. मी बोलणारा माणूस नव्हे, भलत्या जागी भलतं बोलून गेलो असेन, कुणाच्या मनाला डाग पडला असेल. तसं झालं असेल तर मोठ्या मनाने धुऊन टाका. फक्त एक विनंती, सोडा वापरू नका, आणि शेवटचं पाणी निवळ निघेपर्यंत खळबळा.

नमस्कार.